भंडारा आणि सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल अ‍ॅनिमियावर एक छोटासा परिच्छेद आहे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, कारण जीएजी या कोडॉनचा जीयूजी होतो. संपलं. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्या परिच्छेदावर प्रश्न आला की पोरं खूश. फुकटचे चार मार्क!

तर मंडळी, आजचा विषय हे चार मार्क. ती ओळ पुस्तकात आली कशी आणि पुस्तकातून भंडारा जिल्ह्यात पोचायला तिला किती वर्षं लागली, याची ही गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, भंडाराच का? नागपूरहून मुंबई-कोलकाता हायवेने पूर्वेला साठेक किलोमीटर गेलं की भंडारा लागतं. वैनगंगा, धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव, पितळेची भांडी, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि जिल्हा निम्म्यावर आला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा जिल्हा नकाशावर पटकन दाखवता येत नाही. पण सिकलसेलच्या नकाशावर तो ठळक आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रात या आजाराचं सर्वेक्षण करण्यात अनेक वर्षं घालवली. त्यांनी आणि लिंगोजवार यांनी २००२ साली जो आढावा छापला, त्यात पाच हजारांहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज असलेल्या जिल्ह्यांची यादी आहे : गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार. म्हणजे पुण्यातला विद्यार्थी जी ओळ पाठ करतो, ती भंडाऱ्यातल्या काही विद्यार्थ्यांच्या अंगात असते. काहींना ते माहीत असतं, बऱ्याच जणांना नसतं.

आता जरा मागे जाऊ. थेट शिकागोला, १९०४ सालच्या डिसेंबरात.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला होता. खोकला, धाप, अंगात कणकण, पायावर जखमांचे व्रण. तो इस्पितळात गेला. तिथल्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लाल पेशी गोल नव्हत्या. लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी ही केस काही वर्षं पाहिली आणि १९१० साली त्यावर लेख छापला. या आजारावर आधुनिक वैद्यकात छापलेलं हे पहिलं वर्णन. नोएल १९०७ साली पास होऊन ग्रेनाडाला परतला, दवाखाना टाकला आणि १९१६ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने वारला. हेरिकचं नाव पुस्तकांत राहिलं. नोएलचं नाव मात्र जुन्या नोंदी धुंडाळून १९८९ साली लोकांसमोर आलं. जगातला पहिला नोंदलेला सिकलसेल रुग्ण हा वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थी होता, हे मला फार बोलकं वाटतं.

सिकल म्हणजे विळा. भंडाऱ्यात दिवाळीच्या आगेमागे धान कापायला हातात असतो तोच. निरोगी लाल पेशी मऊ आणि लवचिक असते, केसापेक्षा बारीक वाहिनीतूनही अंग चोरून पलीकडे जाते. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पेशीत ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन वाकडी होते. मग ती बारीक वाहिन्यांत अडकते. पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अतिश्रम अशा कारणांनी हे झटके येतात. शिवाय नेहमीची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही वाकडी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळे. लहान मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

चाळीस वर्षं हे सगळं फक्त पेशीच्या आकाराबद्दल होतं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. म्हणजे दोन्हींवरचा विद्युतभारच वेगळा होता! गंमत म्हणजे ज्यांना आजार नव्हता पण पेशी थोड्याशा वाकायच्या, अशा लोकांच्या रक्तात दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं एकत्र सापडली. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचा हिशेब मांडला : आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर आजार, एकच असेल तर माणूस वाहक. पॉलिंग यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच याला रेणूचा आजार म्हटलं. एखाद्या रोगाचं कारण एका रेणूपर्यंत नेऊन पोचवण्याची ही पहिली वेळ.

मग केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी हिमोग्लोबिनचे एन्झाइमने तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि दोन्ही नमुन्यांचे ठसे शेजारी ठेवून बघितले. आपण दोन फायलींचा डिफ काढतो ना, अगदी तसंच. सगळे ठिपके जागच्या जागी, एकच ठिपका सरकलेला. १९५६-५७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत फरक फक्त एका जागी आहे. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं आणि त्यावर ऋण भार असतो. त्याच्या जागी आलेलं व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं आणि शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. १९६० च्या दशकात हरगोविंद खोराना, नीरेनबर्ग वगैरेंनी जनुकांची लिपी उलगडली, तेव्हा या बदलाचं स्पेलिंगही कळलं. मधल्या ए च्या जागी यू. एका अक्षराचा बग, आणि तो थेट प्रॉडक्शनमध्ये.

जाता जाता आपल्या लोकांसाठी एक गंमत. हल्लीच्या जनुकीय नोंदीत हाच बदल सातव्या जागेवर दाखवतात, कारण साखळी बनताना सुरुवातीला येणारं आणि नंतर गळून पडणारं मेथिओनिनही मोजलं जातं. ऑफ-बाय-वन! पण परीक्षेला बसणाऱ्यांनी सहावी जागाच लिहावी, इथे हुशारी करू नये :)

आता मुख्य मुद्दा. भारतात हे सगळं कधी पोचलं?

१९५२ साली हर्मन लेहमन आणि मारी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा गुणधर्म असल्याचं छापलं. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांमध्ये डनलॉप आणि मजुमदार यांना तो सापडला. आणि १९५८ साली नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. हे साल लक्षात ठेवा. इन्ग्राम यांचं व्हॅलिन १९५७ चं, नागपूरचा लेख १९५८ चा. नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. १९५८ मध्ये दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात होते, महाराष्ट्र अजून जन्मायचा होता. म्हणजे जगाला या आजाराचं मूळ कारण कळलं आणि आपल्याकडे तो आजार आहे हे नागपूरला कळलं, यात जेमतेम एक वर्षाचं अंतर होतं. त्या काळाच्या मानाने हे फारच झटपट झालं.

आणि पुढे? महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेऊन गावपातळीवर तपासणी सुरू केली ती २००० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे शिकागो ते केंब्रिज ४७ वर्षं, केंब्रिज ते नागपूर एक वर्ष आणि नागपूर ते भंडाऱ्याचं खेडं, साठ-सत्तर किलोमीटर, पुन्हा सुमारे पन्नास वर्षं. मधल्या काळात पुस्तकातली ओळ मात्र देशभर पोचली होती आणि तिच्यावर प्रश्नही विचारले जात होते.

एवढा उशीर का झाला असावा? एक कारण म्हणजे हा आजार दुसऱ्याच आजारांच्या वेषात येतो. पोर फिकट दिसतं, म्हणून लोहाच्या गोळ्या. पण इथे लोह कमी नसतं, पेशी फुटत असतात. हातपाय दुखतात, म्हणून संधिवात. डोळे पिवळे, म्हणून कावीळ आणि मग गावठी औषध. पक्कं निदान करायचं तर हिमोग्लोबिनचं विद्युतविभाजन लागायचं, म्हणजे पॉलिंग यांचाच प्रयोग, आणि ती सोय मोठ्या शहरात. दुसरं कारण वैद्यकातलंच. भारत आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागात या जनुकाचा जो प्रकार आढळतो, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि ते पेशींना वाकण्यापासून थोडंफार वाचवतं. त्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्य, असा एक समज झाला. काही भागांत तो खराही आहे. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या तेव्हा दिसलं की विदर्भात बरेच रुग्ण अजिबात सौम्य नाहीत. वारंवार झटके, वारंवार भरती, वारंवार रक्त. तिसरं कारण सांगायला कटू आहे. ज्यांच्यात हा आजार जास्त, ते आदिवासी आणि दलित समाज, ज्यांचं म्हणणं राजधानीपर्यंत नेहमीच उशिरा पोचतं.

ते म्हणणं पोचवायचं काम बऱ्याच अंशी रुग्णांच्या घरच्यांनी केलं. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्ण आणि पालक यांना एकत्र आणून सिकलसेल सोसायटी उभी केली आणि वर्षानुवर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेलचाही समावेश झाला. महाराष्ट्रात सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. जरा कल्पना करा. थंडीत झटका येऊन आठवडाभर इस्पितळात काढलेली एखादी मुलगी बारावीचा जीवशास्त्राचा पेपर लिहितेय, त्यात सिकलसेलवर प्रश्न आहे, आणि तो लिहायला तिला जो जादा वेळ मिळालाय तो त्याच व्हॅलिनमुळे.

आता जीवशास्त्राचा उरलेला भाग, कारण परीक्षेत तो विचारतात आणि आयुष्यात त्याहून जास्त कामी येतो.

दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. चौकटी आखून हे सगळेच काढतात. पण चार घरांची चौकट बघून अनेकांचा समज होतो की चार मुलांपैकी एकच आजारी होणार, म्हणजे पहिलं आजारी निघालं तर पुढची तीन सुरक्षित. तसं अजिबात नाही. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते. चार मुलांपैकी एकही आजारी नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे साधारण ३२ टक्के. किमान एक आजारी असण्याची ६८ टक्के. पहिलं मूल आजारी आहे म्हणून दुसऱ्याच्या वेळी बिनधास्त राहणाऱ्या जोडप्याला हे गणित कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, आणि खेड्यात ते सांगू शकणारा पहिला माणूस बहुतेक वेळा त्याच गावचा सायन्सला गेलेला मुलगा किंवा मुलगी असते.

दुसरा प्रश्न परीक्षेत हमखास येतो : इतका घातक जनुक टिकला कसा? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन निरोगी प्रती असलेली मुलं मलेरियाने जास्त मरत, दोन बिघडलेल्या प्रती असलेली सिकलसेलने, आणि मधला वाहक तगून राहायचा. जंगल, साचलेलं पाणी आणि मलेरिया यांच्यात हजारो वर्षं काढलेल्या समाजांमध्ये हा जनुक म्हणूनच जास्त आढळतो. पूर्व विदर्भ त्याच पट्ट्यात येतो. म्हणजे यात कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही आणि रक्त 'खराब' असण्याचा तर प्रश्नच नाही. कुणाच्या तरी पूर्वजांना तापातून तारून नेलेली ती गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न हार्डी-वाइनबर्गचा. हे समीकरण लिहिताना पुस्तकात काही अटी दिलेल्या असतात, त्यातली एक म्हणजे लोकसंख्येत जोड्या कुठलाही भेद न करता जुळायला हव्यात. पोरं ही अट पाठ करतात आणि पुढे जातात. भारतात ती अट कोण मोडतं? आपल्या घरातली लग्नं!

एक हिशेब करून बघू. हे आकडे फक्त गणितासाठी घेतोय. समजा सारख्याच आकाराचे दोन समाज आहेत. पहिल्यात १०० पैकी २० जण वाहक, दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही समाज आपापल्यातच लग्न करतात. पहिल्यात दोघंही वाहक असलेली लग्नं २० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे १०० पैकी चार. त्यांच्या मुलांपैकी पाव आजारी, म्हणजे त्या समाजात १०० जन्मांमागे एक. दोन्ही समाज मिळून धरलं तर २०० मागे एक. आता हीच माणसं जातीचा विचार न करता लग्नं करू लागली, तर एकूण वाहक १० टक्के, दोघंही वाहक असलेली लग्नं १०० पैकी एक, आणि आजारी मूल ४०० जन्मांमागे एक. जनुक नाहीसा झाला नाही, औषध शोधलं नाही, एक रुपया खर्च केला नाही, तरी एका पिढीत आजारी मुलं निम्म्यावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवर एक निबंध वाचला होता. जातीचं मर्म सजातीय विवाहात आहे, हे त्यांचं त्यातलं प्रतिपादन. तेव्हा हेरिकचा लेख सहा वर्षांचा होता आणि भारतात सिकलसेल आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूकही लढले आणि हरले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, तसा मी जोडतही नाही. पण समाजशास्त्राच्या निबंधातलं एक वाक्य आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातली एक अट ही भंडाऱ्याच्या रक्तात एकाच ठिकाणी येऊन भेटतात, एवढं मात्र खरं. आणि हेही सांगायला हवं की सिकलसेल हा कुठल्या एका जातीचा आजार नाही. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींबरोबर तो इतर मागास समाजांतही आढळतो. 'आमच्यात नसतो' असं म्हणून तपासणी टाळणारे लोक स्वतःच्याच नातवंडांवर जुगार खेळत असतात.

तपासणी कशी होते, तेही सांगतो, कारण मला ती फार आवडते. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि छोट्या नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावणातलं रसायन ऑक्सिजन काढून घेतं. नळीच्या मागे छापील ओळी धरतात. ओळी स्वच्छ वाचता आल्या तर बहुधा सगळं ठीक. द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या तर रक्तात हिमोग्लोबिन एस आहे. साधी, स्वस्त, काही मिनिटांची चाचणी, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. मात्र माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती चालत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं. म्हणून गढूळ निघालेला नमुना पुढे विद्युतविभाजनाला किंवा एचपीएलसी यंत्रावर जातो. वाहक असेल तर दोन पट्टे दिसतात, १९४९ साली पॉलिंग यांना दिसले होते तसेच.

उपचारही पुढे गेलेत. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगावरचं औषध हिमोग्लोबिन एफ वाढवतं. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके कमी होतात हे सिद्ध झालं. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी, ठरावीक डोसात ते तीव्र आजार असलेल्या मुलांना देऊन पाहिलं आणि चांगला गुण येतो हे २०१२ साली छापलं. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं संशोधन केंद्र देशाला अर्पण झालं. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली : सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. २०२३ च्याच अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्परवर आधारलेल्या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! म्हणजे एका अक्षराच्या बगचा पॅच आता आहे, पण तो तुमसर किंवा लाखांदूरच्या शेतमजुरासाठी नाही. त्याच्यासाठी आज उपयोगाच्या गोष्टी आहेत त्या म्हणजे जन्मतःच तपासणी, लसी आणि पेनिसिलिन, नियमित हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, आणि लग्नाआधी दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. मुलगी वाहक आहे हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, या धाकाने रिपोर्ट लपवले जातात. खरं तर वाहक माणूस आजारी नसतो. तो नोकरी करतो, शेती करतो, इंजिनिअर होतो, डॉक्टर होतो. त्याने दुसऱ्या वाहकाशी लग्न करताना पुढचा धोका ओळखून निर्णय घ्यायचा, एवढंच. लग्न झालेलं असेल तर गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांत वारेचा नमुना तपासून बाळाची स्थिती कळू शकते. लपवण्याने मात्र ते पंचवीस टक्के बदलत नाहीत.

नीट देणारी मुलं ही ओळ पाठ करतात यात मला काही वाईट वाटत नाही. पाठ करायलाच हवी. पण भंडारा, साकोली, पवनीकडून नागपूरच्या क्लासला येणाऱ्या मुलांना त्या तासाला कुणी विचारतं का, की तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःची तपासणी केली आहे? चार मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर येणारी मुलगी घरी जाऊन आईला एवढं सांगू शकते की भावाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत बसू नका, एकदा रक्त तपासून घ्या. १९५८ च्या लेखाला गावात पोचायला जी पन्नास वर्षं लागली, ते अंतर ती एका संध्याकाळी कापू शकते. तेही डॉक्टर होण्याच्या आधी.

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन.

ता. क. : हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्यात, हिंजवडीत, बंगलोरला आहेत, आणि त्यातल्या कित्येकांचं मूळ गाव किंवा आजोळ विदर्भात, खानदेशात किंवा छत्तीसगडच्या बाजूला आहे. लग्नाचं बघणं चालू असेल तर बायोडेटात उंची, पॅकेज आणि गोत्र लिहायच्या आधी एकदा हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करून घ्या. शहरातल्या बहुतेक चांगल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. रिपोर्टमध्ये थॅलेसेमियाचे वाहकही कळतात. समोरच्यालाही करायला सांगा. पत्रिका नंतर बघता येईल.